कुंभार्लीचा घाट आणि दोन उसन्या गाड्या

सासूबाईंना गाडी लागते, ही गोष्ट मुलाने केलेल्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हती. बाकी सगळं होतं. एकूण ४१ ओळी. बॅटरी किती युनिटांची, डिकी किती लिटरची, एअरबॅगा किती, पडदा किती इंची. पुण्यात रात्री जागून त्याने तो तक्ता केला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "आई, पिवळं केलंय ते जिंकलं." नेक्सॉनच्या रकान्यात १९ पिवळे चौकोन, विंडसरच्या रकान्यात १८, चार ओळी बरोबरीत. निवडणूक असती तर कुणीतरी फेरमोजणी मागितली असती.

आमची डिझेल गाडी अकरा वर्षांची झाली, घाटात धूर ओकायला लागली, आणि घरात विजेच्या गाडीचा विषय निघाला. बजेट चौदा-पंधरा लाखांचं, ओढूनताणून सोळा. त्या पैशांत समोरासमोर उभ्या राहणाऱ्या या दोनच. गंमत म्हणजे दोघी बाजारात आल्या त्याही एकाच महिन्यात, सप्टेंबर २०२४ मध्ये. एमजीची विंडसर ऐन गौरींच्या दिवसांत आली, ३८ युनिटांची बॅटरी घेऊन, तेव्हाची किंमत १३.५० लाखांपासून. टाटांची नेक्सॉन विजेवर २०२० पासूनच धावत होती, पण तिची ४५ युनिटांची बॅटरीवाली आवृत्ती आली ती १३.९९ लाखांपासून आणि चक्क पितृपक्षात. ज्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी साधी स्कूटर बुक करत नाही, त्या पंधरवड्यात गाडी बाजारात आणायला छाती लागते. या शोरूमच्या किमती. त्यावर विमा वगैरे आलंच, पण विजेच्या गाडीला जीएसटी पाच टक्के आणि महाराष्ट्रात तिचा रस्ता कर माफ, त्यामुळे पेट्रोल गाडीच्या बिलात शेवटी जो फुगवटा येतो तो इथे येत नाही.

शोरूममध्ये गल्लीला एक चक्कर मारून काही कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. सुदैवाने आमच्या नात्यात दोन्ही गाड्या आहेत. नणंदेकडे पुण्याला विंडसर, धाकट्या दिरांकडे साताऱ्याला नेक्सॉन ४५. माझं माहेर गुहागरचं, सासर कराडचं. मधे पाटण, कोयनानगर, कुंभार्लीचा घाट, चिपळूण. एका दिशेला १४५ किलोमीटर. वर्षातून पाच-सहा वेळा हा रस्ता होतोच आणि गाडी मीच चालवते. म्हटलं, दोन्ही उसन्या घेऊ आणि दोन्ही माहेरी नेऊन आणू. विंडसर मे महिन्यात नेली, नेक्सॉन गणपतीत.

निघण्याआधी तो एमआयडीसीचा घोळ मिटवावा लागला. नेक्सॉन एका चार्जवर ४८९ किलोमीटर जाते आणि विंडसर ३३२, असं कागदावर लिहिलेलं असतं, आणि शेजारी बारीक अक्षरांत एमआयडीसी. आमच्याकडे एमआयडीसी म्हणजे तासवड्याची औद्योगिक वसाहत. सासूबाईंनी विचारलंसुद्धा, "तासवड्याला मोजून बघितली का?" तर ही एमआयडीसी म्हणजे प्रयोगशाळेत रोलरवर ठराविक चालीने गाडी पळवून मोजायची पद्धत. तिथे घाट नाही, एसी नाही, मागे चार माणसं नाहीत आणि समोरून हॉर्न वाजवत येणारी वाळूची गाडी नाही. माझा हिशेब साधा आहे. एका युनिटला सहा ते साडेसात किलोमीटर धरायचे, रस्ता कसा त्यावर. म्हणजे ३८ युनिटांची विंडसर अडीचशेच्या थोडी पुढे, ४५ युनिटांची नेक्सॉन तीनशेच्या आसपास. महामार्गावर शंभरच्या पुढे काटा ठेवलात तर हेही विसरा. हवा कापायलाच निम्मी वीज जाते.

मे महिन्यात विंडसर दारात उभी राहिली तेव्हा आळीतली पोरं जमली. दिसायला ती गाडी कमी आणि दिवाणखाना जास्त आहे. लांबी ४,२९५ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,७०० मिलिमीटर. नेक्सॉनची लांबी ३,९९४ आणि चाकांतलं अंतर २,४९८. या फरकामागे एक गोष्ट आहे, जी एक्सेलमध्ये मावत नाही. नेक्सॉन मुळात पेट्रोल-डिझेलची गाडी. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कर कमी, म्हणून तिला चार मीटरच्या आत दुमडून बसवली. विजेच्या गाडीला त्या नियमाशी देणंघेणं नाही, पाच टक्के ते पाचच टक्के. पण थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला यावा तसं ते माप विजेच्या नेक्सॉनला मिळालं. विंडसर आधीपासून विजेचीच, मूळ चीनमधल्या वुलिंगची, आपल्याकडे गुजरातेत हालोलला तयार होते. तिला कुणी आखडून घ्यायला सांगितलं नव्हतं. म्हणून मागच्या सीटवर पाय लांब करता येतात, आणि पाठ १३५ अंशांपर्यंत मागे रेलते.

ही रेलणारी सीट बघूनच नवऱ्याने मनातल्या मनात विंडसर पक्की केली होती. आईच्या गुडघ्यांसाठी, असं तोंडाने म्हणत होता. सासूबाईंना मोठ्या मानाने मागे बसवलं, पाठ रेलवली, उशी दिली. मल्हारपेठ यायच्या आत त्यांचा चेहरा उतरला. पाटणला त्यांनी पदराची गाठ सोडून आवळासुपारी तोंडात टाकली. पाटणच्या पुढे म्हणाल्या, "मला पुढं बसव बाई. ह्या झोपाळ्यात माझ्या पोटातलं ढवळतंय."

मागे रेललेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, खिडकीतून फक्त सरकतं आभाळ दिसतं, आणि ज्याला गाडी लागते त्याला रस्ता दिसलाच पाहिजे. हे आपल्या एसटीतल्या कंडक्टरला ठाऊक असतं. सासूबाई पुढे आल्या, नवरा मागे गेला, सीट रेलवली आणि कोयनानगर येईपर्यंत घोरू लागला. म्हणजे त्या सीटचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही.

पण खरी गंमत घाटात. विजेच्या गाडीत पाय उचलला की चाकं मोटरीला फिरवतात, मोटर वीज बनवते आणि ती बॅटरीत परत जाते, गाडीचा वेग आपोआप कमी होतो. ही ओढ किती जोराची असावी ते ठरवता येतं. जोरात ठेवली तर ब्रेकला पाय लावायला लागत नाही, चालवणाऱ्याला मजा येते. पण शेजारच्याची मान प्रत्येक वळणाला पुढे-मागे होते. कमी ठेवली तर शेजारचा सुखी, पण वीज थोडी कमी परत येते. कुंभार्लीसारख्या घाटात हे सारखं बदलायला लागतं. तीव्र उतार आला की वाढवा, वळण संपून सपाटी आली की कमी करा. नेक्सॉनमध्ये स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना दोन पट्ट्या आहेत. बोटाने ओढली की एक पायरी खाली, दुसरी ओढली की एक पायरी वर. शून्य ते तीन. विंडसरमध्ये हेच काम त्या साडेपंधरा इंची पडद्यावर जाऊन करायचं. पडदा सुरेख आहे, पण कुंभार्लीच्या वळणावर समोरून एसटी येत असताना मी पडद्याकडे बघणार नाही. म्हणून मे महिन्यात अख्खा घाट मी एकाच पायरीवर उतरले, आणि सासूबाईंनी पोफळीपर्यंत तीन लिंबं हुंगली.

गणपतीत नेक्सॉनमध्ये त्याच घाटात त्यांनी एकदाही लिंबू काढलं नाही. दोन बोटांनी मी गाडी अशी हळुवार सोडत गेले, की त्या मधेच म्हणाल्या, "आज घाट लहान झालाय का?"

माझा निर्णय तिथेच झाला, खरं सांगायचं तर. बाकी सगळं मी नंतर त्याला जोडत गेले.

या घाटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला तो नुसता रस्ता वाटत नाही. घाटमाथ्याच्या अलीकडे कोयनेचं पाणी अडवलंय. ते पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला वळवतात आणि पायथ्याला पोफळीला, जमिनीखालच्या वीजघरात खाली सोडतात. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. लहानपणी घाट उतरताना बाबा बोट दाखवून सांगायचे, की आपल्या पायाखाली डोंगर पोकळ आहे आणि आत वीज बनतेय. आता त्याच उतारावरून येताना गाडीही तेच करते. हिशेब मी मुलाकडून करून घेतला. माणसं-सामानासकट गाडी १,९०० किलोची धरली आणि घाटमाथ्यापासून चिपळूणपर्यंत सहाएकशे मीटर उतरली, तर तीन युनिटांच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. त्यातली बरीचशी चाकांच्या आणि हवेच्या घर्षणात जाते, थोडी मोटरीत. तरी घाट संपताना विंडसरच्या काट्यावर दोन टक्के वाढलेले दिसले. दोन टक्के म्हणजे पाऊण युनिट. महावितरणच्या दराने सात-आठ रुपये. पण घाट उतरून टाकी वाढलेली आयुष्यात पहिल्यांदा बघितली, त्याचं अप्रूप सात रुपयांचं नव्हतं. (महाबळेश्वरसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी मात्र घरून शंभर टक्के भरून निघू नये. बॅटरी तुडुंब असली तर उतारावरची वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.)

येताना अर्थात घाट हे सगळं व्याजासकट वसूल करतो.

गुहागरला पोचले तेव्हा विंडसरमध्ये ५१ टक्के उरले होते. परतीला चढण धरून साठेक टक्के लागणार. म्हणजे रात्री चार्ज करायचीच. त्यात काय, दादाच्या पडवीत पाण्याच्या पंपासाठी पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग आहे. त्यावर तासाला अडीच-तीन युनिटं येतात, रात्रभरात गाडी टम्म. नणंदेने दिलेला चार्जर काढला, लावला, आणि त्याच्यावर लाल दिवा. परत लावला, परत लाल. वायरमनला बोलावलं. त्याने मीटरची एक सुई न्यूट्रलला आणि दुसरी अर्थिंगला लावली आणि हसला. "ताई, चाळीस व्होल्ट दाखवतोय. अर्थिंग नावाला आहे तुमचं." घर बांधलं तेव्हा जांभ्यात वीतभर पाईप ठोकून दिला होता. पावसाळ्यात चालत असेल, मे महिन्यात जांभा कोरडा ठणठणीत. पंपाला त्याचं काही वाटत नाही, मिक्सरला वाटत नाही, गाडीच्या चार्जरला वाटतं. अर्थिंग नसेल तर तो वीज घ्यायलाच नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

मग परतीला चिपळूणजवळ एका हॉटेलच्या आवारातल्या चार्जरवर जावं लागलं. दोन नळ्या होत्या. एकीवर आधीच कुणीतरी गाडी लावून जेवायला गेलेलं, दुसरी सुरू करायला अ‍ॅप, अ‍ॅपला ओटीपी, ओटीपीला रेंज. फक्त चाळीस मिनिटांचं काम होतं, एक तास चाळीस मिनिटं लागली. सासूबाईंनी तेवढ्यात हॉटेलवालीच्या सुनेचं माहेर कुठलं ते काढलं.

गणपतीत नेक्सॉन नेली तेव्हाही अर्थिंगचं काम झालेलं नव्हतं. "दिवाळीच्या आत करतो," दादा म्हणाला. नेक्सॉन गुहागरला पोचली तेव्हा ५८ टक्के होते. कागदावर परत जाता येत होतं, म्हणून तशीच निघाले. हे शहाणपणाचं नव्हतं. पावसात काच धुकट होते, एसी बंद ठेवता येत नाही, घाटात ढग उतरलेले. पाटणनंतर सासूबाई टक्के मोठ्याने वाचायला लागल्या, थर्मामीटर वाचावा तसे. वीस. अठरा. पंधरा. कराडच्या घरी गाडी लावली तेव्हा आठ टक्के होते आणि माझ्या खांद्यात गोळा आला होता.

मग बॅटरीतल्या सात युनिटांचा फरक केवढ्याचा? मुलाच्या तक्त्यात तो सगळ्यात गडद पिवळा होता. माझ्या रस्त्यावर मात्र सात युनिटांनी चार्जिंग चुकत नाही. विंडसरला लागतं, आणि नेक्सॉनलाही मनःशांतीसाठी लागतंच. पडवीतला प्लग नीट चालला तर दोन्ही गाड्या आरामात येतात-जातात. चालला नाही तर दोन्हींत जीव टांगणीला. एवढा अभ्यास आम्ही गाड्यांचा केला, तेवढा तीन पिनांच्या प्लगचा करायला हवा होता. सोसायटीत राहणाऱ्यांनी तर गाडी बघायच्या आधी स्वतःच्या पार्किंगपासून मीटरपर्यंत चालत जावं आणि सेक्रेटरींचा मूड बघावा. रोजच्या वापराने घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये चढतं, तेही बघावं. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडेकशे युनिटं. महावितरण गाडीसाठी वेगळं मीटर देतं, ते कुणाला परवडेल हे ज्याच्या त्याच्या बिलावर.

विंडसरची ९.९९ लाखांची जाहिरात आठवतेय? गाडी तुमची, बॅटरी भाड्याची, सुरुवातीला किलोमीटरला साडेतीन रुपये. सासूबाईंना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "गाय आपली आणि कासेला भाडं?" पण हिशेब करून बघा, तो इतका वेडगळ नाही. बॅटरीसकट किंमत १३.५० लाख, म्हणजे साडेतीन लाखांचा फरक. साडेतीन रुपयांनी त्यात बरोबर एक लाख किलोमीटर बसतात. पैशांवरचं व्याज धरलं तर भाडं आणखी बरं दिसतं. अडचण अशी, की अशा योजनांत महिन्याला किमान इतक्या किलोमीटरचं भाडं द्यायचं अशी अट असते. ती दीड हजारांची असेल आणि आमच्यासारखी गाडी हजारच फिरत असेल, तर न फिरलेल्या पाचशेचंही भाडं भरायचं. महिन्याला ५,२५० रुपये, साडेपाच वर्षांत साडेतीन लाख संपले. जो रोज सातारा-कराड ये-जा करतो त्याने जरूर विचार करावा. आमच्यासाठी नाही.

टोलचंही एक सांगते, कारण लोकांचा गैरसमज आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या गाड्यांना पूर्ण टोलमाफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. तासवड्याचा नाका राष्ट्रीय महामार्गावर येतो. हिरवी पाटी बघून तिथे कुणी सलाम करत नाही.

सुरक्षेचं दोन ओळींत. सहा एअरबॅगा दोन्हींत आहेत. नेक्सॉनला भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून बघायच्या सरकारी चाचणीचे, पाच तारे २०२४ मध्ये मिळाले, आणि मला ते महत्त्वाचे वाटतात. ताकद दोन्हींत गरजेपेक्षा जास्त आहे, कुंभार्ली चढताना कुणीच दमलं नाही. बॅटरीची रसायनं दोन्हींत एकाच जातीची, एलएफपी (लिथियम, लोह आणि फॉस्फेटची), म्हणजे अधूनमधून शंभर टक्के भरलेलं तिला चालतं. आयुष्यभराची हमी विंडसरला पहिल्यापासून होती, नेक्सॉन ४५ ला २०२५ मध्ये मिळाली. दोन्हीकडे ती पहिल्या मालकापुरती, विकायच्या वेळी हे आठवा.

विंडसरवर अन्याय करायचा नाही मला. तिच्या डिकीत ६०४ लिटर जागा. मे महिन्यात आंब्याच्या नऊ लाकडी पेट्या, दोन फणस, कोकमाची बरणी आणि सगळ्यांच्या बॅगा बसल्या आणि झाकण बिनतक्रार लागलं. नेक्सॉनच्या ३५० लिटरमध्ये हे होणे नाही, पेट्या मागच्या सीटवर जाणार आणि नवरा घरी राहणार. नेक्सॉनच्या मागच्या सीटवर मांड्यांना हवा तेवढा आधार मिळत नाही, खाली बॅटरी आहे ना. गुडघे जरा वर येतात. ज्यांच्या घरातली वडीलधारी माणसं मागे बसून सुखाने गप्पा मारतात, शहरातल्या शहरात फिरतात, लग्नाकार्याला सगळे एकाच गाडीतून जातात, त्यांनी विंडसर घ्यावी, डोळे मिटून घ्यावी. नणंदेच्या घरी ती शोभते. बाजारानेही तिला महिनोन् महिने डोक्यावर घेतलं ते उगाच नाही. मे २०२५ मध्ये तिची ५२.९ युनिटांची प्रो आली, तिच्यात रेंजची कुरकुरही उरत नाही. पण ती आमच्या सोळा लाखांच्या कुंपणाबाहेर चरते.

मुलाला फोन करून सांगितलं, नेक्सॉन ठरली. खूश झाला. "बघ, माझ्या एक्सेलमध्येपण तीच जिंकली होती." मी म्हटलं, बाबा, एका मताने जिंकली होती, आणि ते मत तुझ्या तक्त्यात नव्हतं. तर त्याने लगेच खाली बेचाळिसावी ओळ घातली, 'आजीला गाडी लागते', आणि नेक्सॉनचा चौकोन पिवळा केला. आता वीस विरुद्ध अठरा.

काल रात्री दादाचा फोन आला. अर्थिंगचं काम झालं. न्हाणीघराचं पाणी जिथे केळीला जातं, तिथे सहा फुटी खड्डा खणला, कारण परसात बारमाही ओल असलेली तेवढी एकच जागा. जस्ताचा पाईप उभा केला, भोवती लाकडी कोळसा आणि मीठ थरावर थर भरलं. वायरमनने परत मीटर लावला. न्यूट्रल ते अर्थ, दीड व्होल्ट. दादा इतका आनंदात होता, की मला मीटरचा फोटोही पाठवला. मग मागून वहिनीने फोन ओढून घेतला. "ताई, तुझ्या गाडीपायी ह्यांनी माझ्या केळीच्या बुंध्याशी दहा किलो मीठ पुरलंय. केळ जळली तर गाडी विकून भरपाई द्यायची."